साठ हजारांचं पाकीट आत्याबाईंना हवं, तुम्हाला नाही

‘डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी निपाणीची, वय 46, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात एका शिबिरात घरातल्या सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप करून घेतलं. माझं व्हिटॅमिन डी 24 आलं आणि आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, 11. दोन्ही आकडे लाल रंगात. आत्याबाई 71 वर्षांच्या आहेत, जन्मभर विड्या वळल्या. मांड्या आणि कंबर दुखते, पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. बीपीची गोळी चालू आहे, मागे एकदा मुतखडाही झाला होता. मला थकवा येतो, केस गळतात, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. शेजारच्या काकू दोन वर्षं दर रविवारी डीचं साठ हजारांचं पाकीट दुधातून घेतात, सोबत कॅल्शियमची गोळी. आम्हालाही तेच करा म्हणतात. हल्ली त्यांना स्वतःला मात्र सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, जेवण जात नाही. ओळखीतल्या एकांनी डीचं सहा लाखांचं इंजेक्शन सुचवलं, एकदा घेतलं की वर्षाची काळजी मिटली म्हणे. इंग्लंडमधला भाचा म्हणतो, त्याचं डी 55 आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी काही घ्यायला नको सांगितलं. मग आमचे 24 आणि 11 म्हणजे फारच वाईट का? आत्याबाई माळकरी आहेत. हे औषध माशापासून करतात असं त्यांच्या कानावर आलंय, त्यामुळं त्या तोंडाला लावायला तयार नाहीत. काय करू?’

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी शेजारच्या काकू. हे वाचून झालं की त्यांच्या घरी जा, आणि पाकीट व कॅल्शियमची गोळी दोन्ही आजपासून थांबवायला सांगा. पाकिटावरचे साठ हजार हे रुपये नव्हेत, आययू, म्हणजे डी मोजायचं माप. आठवड्याला साठ हजार म्हणजे रोजचे साडेआठ हजार आययू झाले. मोठ्या माणसानं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. काकू दोन वर्षं तिच्या दुपटीवर आहेत. हे पाकीट मुळात कोर्सचं औषध आहे. साधारण आठ आठवडे घ्यायचं आणि थांबायचं, नाहीतर महिन्याला एकावर यायचं. कोर्स कधी संपतो हे कुणी सांगत नाही, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय पाकीट मिळतं, आणि माणूस वर्षानुवर्षं घेत राहतो.

‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल’ असं काकू म्हणतील. डीच्या बाबतीत ते खरं नाही. डी चरबीत विरघळतं, चरबीतच साठतं, आणि साठलेलं निघून जायला महिने लागतात. पातळी फार चढली, बहुधा दीडशेच्या पुढं गेली, की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, अन्नावरची वासना उडणं, पुढं गुंगी आणि मूत्रपिंडाला इजा. आठवड्याला पाकीट घेणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही, आणि तहान मधुमेहानंही लागते. म्हणून निदान आपण अंदाजानं करायचं नाही. उद्या सकाळी रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), साखर आणि डी एवढं तपासा, आणि पाकिटाचा रिकामा कागद डॉक्टरांपुढं ठेवा. उलट्या सुरू झाल्या किंवा काकू असंबद्ध बोलायला लागल्या तर सकाळची वाट बघू नका.

आता आत्याबाई. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला त्या एका वाक्यानं रिपोर्टापेक्षा जास्त सांगितलं. डी कमी पडलं की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम तर शरीराला काहीही करून राखायचंच असतं, म्हणून ते हाडांतून काढलं जातं. नवीन तयार होणारं हाडही कच्चं राहतं. वर मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात, त्यामुळं माणसाला पाटावरून, संडासातून उठणं आणि जिना चढणं जड जातं. घरोघरी याला ‘वात’ म्हणतात, तेल चोळतात, आणि वय झालं म्हणून सोडून देतात. त्यात बरं होणारं दुखणंही सोसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी एक करून बघा. पाठ भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर त्यांना बसवा, हात छातीशी घडी घालायला सांगा आणि तसंच उठायला सांगा. तुम्ही समोर उभ्या राहा, पडता कामा नयेत. दोन-तीनदा झोका घेऊनही उठता आलं नाही, तर मांडीची ताकद गेली आहे. मग अंगठ्यानं नडगीचं हाड हळूच दाबून बघा. सांधा नव्हे, हाडच दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

त्यांना ही कमतरता का झाली असेल, हे तुमच्या पत्रातच आहे. सकाळी घर आवरलं की मांडीवर सूप घेऊन बसायचं, पानं कापायची, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच. तंबाखूच्या वखारीत काम मिळालं तरी डोक्यावर छप्परच. आमच्या बेळगावात वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावरच्या लोकांचं हेच असतं. बाहेर ऊन रणरणतं आणि आत बसलेल्याच्या अंगाला ते लागत नाही. बायकांना वर डोक्यावरून पदर. त्यात वय वाढतं तशी कातडीची डी बनवायची ताकदही बरीच कमी होते. शेतात राबणाऱ्यांची पातळी सहसा यापेक्षा बरी असते, पण सत्तरीत त्यांनाही हा प्रश्न येतोच.

तेव्हा 11 हा आकडा आणि त्यांचा त्रास जुळतोय. 12 च्या खाली गेलं की कमतरता आहे, यावर बहुतेक तज्ज्ञांचं एकमत आहे. त्यांना औषध लागेल. पण पहिलं पाकीट फोडण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि क्रिएटिनिन बघायला हवं. मुतखडा होऊन गेलाय, म्हणून हे टाळू नका. कॅल्शियम आधीच चढं निघालं तर वाट वेगळी, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची तपासणी करावी लागते. बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतात, डी आणि कॅल्शियमच्या गोळ्या जोडीला आल्या की रक्तात ते चढू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर तपासणीच्या तारखा ठरवतील. फिट्सची औषधं किंवा टीबीचा कोर्स कधी झाला असेल तर तेही सांगा. रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइनसारखी औषधं डी लवकर संपवतात.

हे सगळं ठीक असेल तर साधारणपणे साठ हजारांचं एक पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं डॉक्टर लिहून देतात. इथं एक धोका आहे, ताई. चिठ्ठी इंग्रजीत असते, घरी औषध देणारं माणूस बदलतं, आणि आठवड्याचं पाकीट रोजचं होऊन बसतं. आठ आठवड्यांचं औषध आठ दिवसांत संपतं. म्हणून मेडिकलवाल्याकडूनच प्रत्येक पाकिटावर पेनानं तारीख टाकून घ्या, मराठीत किंवा कन्नडात, घरात ज्याला जे वाचता येतं त्यात. आठवडी बाजाराचा दिवस धरलात तर विसर पडणार नाही. आणि पाकीट रिकाम्या पोटी देऊ नका. दुपारच्या जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधातून द्या, स्निग्ध पदार्थाबरोबर ते चांगलं शोषलं जातं.

त्या सहा लाखांच्या इंजेक्शनला मी स्पष्ट नाही म्हणेन. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला, 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात काहींना वर्षातून एकदा पाच लाख आययू एकदम दिले होते. अपेक्षा होती की हाडं कमी मोडतील. झालं उलट. औषध घेतलेल्या बायका जास्त पडल्या, त्यांची हाडंही जास्त मोडली, आणि पडण्याचं प्रमाण डोस दिल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त होतं. तिथं औषध तोंडावाटे दिलं होतं, इथं सुईतून देतात, पण वर्षाचं एकदम अंगात घालायचं हा विचार तोच. शिवाय एकदा टोचलेलं परत काढता येत नाही. अन्न शोषलंच जात नाही अशा आतड्याच्या आजारात इंजेक्शनची गरज पडते. आत्याबाईंना तसं काही नाही.

माळेचं म्हणाल, तर त्यांची शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. ‘औषधाला काय होतंय’ म्हणून गुपचूप दुधात मिसळू नका. पाकिटातलं डी सहसा डी 3 या प्रकारचं असतं, आणि ते बहुतेक करून मेंढीच्या लोकरीला असलेल्या चरबीपासून करतात. लोकर कातरतात, ती धुताना निघालेली चरबी वापरतात, त्यासाठी मेंढी मारत नाहीत. माशाच्या यकृताचं तेल ही वेगळी वस्तू आहे. मऊ, पारदर्शक कॅप्सूलचं कवच मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. ते त्यांना चालणार नाही. भुकटीचं पाकीट किंवा चघळायची गोळी घ्या. लोकरसुद्धा नको असेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी 3 मिळतं, आणि डी 2 हा डीचा दुसरा प्रकारही पर्याय आहे. डी 2 नं पातळी थोडी कमी चढते आणि लवकर उतरते, म्हणून डॉक्टरांना ते ध्यानात ठेवून डोस द्यावा लागतो. हे सगळं त्यांच्यापुढं मांडा आणि त्यांना ठरवू द्या. माझ्या अनुभवात माळकरी माणसं खरं सांगितलं की औषध घेतात, लपवलेलं कळलं की मग कुठल्याच गोळीवर विश्वास ठेवत नाहीत.

डी सुरू करून तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासणी करा, त्याआधी नाही. रक्तातलं हे डी निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळं पातळी स्थिरावायला वेळ जातो. महिन्याभरात केलेली चाचणी पैसे घेते आणि अर्धवट आकडा देते. लॅब तीच ठेवा. वेगवेगळ्या यंत्रांवर त्याच रक्ताचे आकडे थोडे इकडं-तिकडं येतात, आणि मग औषधानं फरक पडला की यंत्रानं, हे कळत नाही. चाचणीचं नाव ‘25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ आहे ना, एवढं बघून घ्या. ‘1, 25 डायहायड्रॉक्सी’ ही दुसरी, महागडी चाचणी आहे. कमतरता असूनही तिचा आकडा चांगला येऊ शकतो. उपाशी जायची गरज नाही.

तुमच्या 24 ची गोष्ट वेगळी आहे, आणि इथंच भाच्याचे 55 येतात. इंग्लंडमध्ये डी नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. त्यांच्या आकड्याला अडीचनं भागलं की आपला आकडा येतो. भाच्याचे 55 म्हणजे आपले 22. तो तुमच्यापेक्षा दोनानं खालीच आहे, आणि तिथं त्याला पुरेसं म्हणतात, कारण तिथली सीमा 50 ची, म्हणजे आपल्या 20 ची आहे. मग तुमचे 24 लाल का? अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं 2011 मध्ये 30 च्या वर हवं असं सांगितलं, आणि आपल्या बहुतेक लॅबनी तीच रेघ छापली. त्याच सुमाराला तिथल्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं बहुतेकांना 20 पुरतं असं म्हटलं होतं. 2024 मध्ये त्या संघटनेनं स्वतःच 30 चा आग्रह सोडला, आणि ज्यांना काही त्रास नाही अशा मोठ्या माणसांची सरसकट डी चाचणी करू नये असंही सांगितलं. आपल्या रिपोर्टांवरची जुनी रेघ अजून तशीच आहे. शिबिरात अर्धं गाव लाल निघतं ते त्यामुळं.

24 वर केस गळतात किंवा थकवा येतो, असं मी मानत नाही. अमेरिकेत जवळपास 26 हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना रोज दोन हजार आययू डी दिलं, निम्म्यांना औषध नसलेली नुसती साधी गोळी, साधारण पाच वर्षं. कॅन्सर आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, पुढं 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षात हाडं मोडण्याचंही नाही. त्यातले बहुतेक लोक कमतरता नसलेले होते, आणि तुमच्यासाठी मुद्दा तोच आहे. ज्याला कमी आहे त्याला डी दिलं तर फायदा होतो. पुरेसं असलेल्याला आणखी देऊन काही हाती लागत नाही.

माझी काळजी अशी की 24 वर बोट ठेवून तुम्ही थकव्याचं खरं कारण शोधायचं थांबवाल. तुमचं वय 46. पाळी जास्त जाते का, हे पत्रात नाही. जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आधी बघा. आपल्याकडच्या बाईच्या थकव्यात आणि केस गळण्यात लोह कमी असणं हे फार मोठं कारण आहे. सोबत थायरॉइड, आणि घर शाकाहारी असेल तर बी 12. पण या तपासण्यांआधी किमान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. केसांच्या गोळ्यांतलं जास्तीचं बायोटिन काही यंत्रांच्या मोजणीत ढवळाढवळ करतं. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी दिसतं, डी खोटं जास्त दिसतं. थायरॉइड अगदी ठणठणीत असताना औषध सुरू होऊ शकतं. शिबिराच्या वेळी गोळी चालू असेल तर तुमचे 24 सुद्धा थोडे फुगलेले असू शकतील, पण त्यानं माझा सल्ला बदलत नाही. तुम्हाला साठ हजारांचं पाकीट नको. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 आययू धरतात, सत्तरीनंतर 800. मनाचं समाधान म्हणून 600 ते 1000 आययूची छोटी गोळी रोज घेतलीत तरी चालेल, त्यासाठी सुई टोचून घ्यायची गरज नाही.

आणि ऊन. शाळेतून दिवसाचा एक तास तरी मैदानात काढता येत असेल तर तुमचं काम बरंचसं तिथंच होईल. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यातून डी जवळजवळ बनत नाही. सूर्य खाली असतो तेव्हा लागणारे किरण हवेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं झालं. आपल्या भागात एप्रिलमध्ये हे साडेनऊच्या सुमाराला होतं, डिसेंबरात अकरा वाजतात. तेव्हा तोंड, हात, पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगी नाही, काच ते किरण अडवते. पावसाळ्यात आभाळच उघडत नाही, खानापूरकडच्या लोकांना तर जून ते सप्टेंबर यात काही जमत नाही, त्याची चिंता करू नका, उन्हाळ्यातलं साठलेलं थोडं कामी येतं. आत्याबाईंना मात्र बीपीची गोळी खाऊन मे महिन्यात उन्हात बसवू नका. त्यांचं औषधावरच निभवा.

जेवणातून डी फार मिळत नाही, शाकाहाऱ्याला तर नाहीच म्हणा. दुधाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्यात डी घातलेलं असतं, एका पेल्यात पन्नासेक आययू. कॅल्शियमची बाजू तुमच्या स्वयंपाकघरात चांगली सांभाळली जाईल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आत्याबाईंना नाचणीचं आंबील ताक घालून रोज द्या, तिळाची चटणी द्या. मुतखडा झाला होता म्हणून दूध-ताक तोडायचं कारण नाही, जेवणातलं कॅल्शियम खड्याला सहसा अपाय करत नाही. पाणी भरपूर हवं. गोळीतलं कॅल्शियम मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तोवर त्या पडणार नाहीत याकडं लक्ष द्या. मोरीत धरायला एक दांडी बसवून घ्या, रात्री वाटेत दिवा ठेवा, पाटाऐवजी उंच खुर्ची द्या. काकूंचं कॅल्शियम किती आलं ते मला लगेच कळवा. आत्याबाईंचा पुढचा रिपोर्ट पाठवाल तेव्हा खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, तेही लिहा.